निघण्याआधी परतलेली गाडी

आमच्या गाडीला सुपरचार्जर बसवल्यापासून ती निघण्याआधीच परत येऊ लागली.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. इंजिनाला ती हवी होती का, हे कोणी विचारलं नव्हतं. आमचे हे, म्हणजे सुरेंद्र आरवाडे, सांगलीत हळदीच्या गोदामाचे मॅनेजर आहेत. घर ते गोदाम या रस्त्याला साधं इंजिन पुरून उरत होतं. पण पन्नाशीत काहींचे गुडघे धरतात, काहींना अध्यात्म लागतं. यांच्या डोक्यात हवा गेली, आणि तिथून ती गाडीत आली.

पहिल्याच दिवशी मी यांना कोथिंबीर आणायला पाठवलं. फाटकाशी काच खाली करून हे म्हणाले, "येतो गं." किल्ली फिरवायच्या आत गाडी परत आलेली होती. बॉनेट तापलेलं, मागच्या सीटवर कोथिंबिरीची जुडी, आणि हे स्टिअरिंग धरून माझ्याकडे बघतायत.

"अगं, मी गेलो कधी?"

"ते मला नाही माहीत. आलात एवढं दिसतंय. आणि जुडी पिवळी पडलीय."

मला ही व्यवस्था गैरसोयीची वाटली नाही. पेट्रोल रीतसर जळायचं, सामान घरात यायचं, आणि नवरा रस्त्यात कोणाशी गप्पा मारत उभा राहायचा नाही. तक्रार होती ती यांची. गाडी जोरात पळवावी म्हणून एवढा खटाटोप केला, आणि जाण्याचा भागच मधून गळाला. यांच्या वाट्याला नुसतं येणं उरलं.

ज्यांनी पंखा बसवला त्या इलाही मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडलं, कान लावला आणि बॉनेट बंद केलं.

"दोष काय नाय, वहिनी. आधी गाडी सांगितलेलं सावकाश करायची, आता लगेच करतीया. सायेब 'येतो' म्हणत्यात, तर ती येती. तिची काय चूक हाय, सांगा की!"

"मग जातो म्हणायचं," हे म्हणाले.

आत सासूबाईंच्या हातातली वाटी पडली. आमच्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. कोणाकडेच म्हणत नाहीत, पण आमच्याकडे त्याला कारण आहे. माझे चुलत सासरे एकदा उंबऱ्यावरून 'जातो' म्हणाले, ते अजून इंदुरातच आहेत. मजेत आहेत, पण हा भाग सासूबाई कोणाला सांगत नाहीत.

मग यांनी इतर उपाय केले. काही न बोलता निघून पाहिलं, पण सवयीचा माणूस, फाटकाशी तोंडातून 'येतो' निसटायचंच. हिंदीत सांगून पाहिलं. गाडी ढिम्म हलली नाही, ती सांगलीत वाढलेली आहे. एकदा घाईत हे 'आलोच' म्हणाले, आणि गाडी आदल्या दिवशीच येऊन बसली. दिवसभर आमच्या दारात एकाच नंबरच्या दोन गाड्या उभ्या. सोसायटीचे सेक्रेटरी वाटवे येऊन म्हणाले, "वहिनी, एका फ्लॅटला एकच पार्किंग. कालची ठेवा नाहीतर आजची ठेवा, आमची हरकत नाही."

तेव्हा हे म्हणाले, "जाऊ दे."

हा यांचा लाडका शब्द. तरुणपणी मोटरसायकलवरून लडाखला जायचं ठरलं, तेव्हा सासूबाई रडल्या, हे म्हणाले, जाऊ दे. कोचीनच्या गोदामावर बोलावणं आलं, तेव्हा मी तोंड फुगवलं. जाऊ दे. शांत स्वभाव आहे, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते.

पण शहराबाहेरच्या माळावर एका क्लबाने गाड्या पळवायचा ट्रॅक बांधला आणि हौशी लोकांसाठी एक रविवार जाहीर केला, तेव्हा हे 'जाऊ दे' म्हणाले नाहीत. तयारीला लागले. मेस्त्रींनी ब्रेक नवे घातले, ब्रेकचं ऑइल बदललं, चाकांचे नट आवळले. मग गाडी हलकी करायचं निघालं. डिकीतून स्टेपनी, सतरंजी, दोन छत्र्या आणि कोणाच्या तरी बारशाचा परत न केलेला डबा निघाला. अजून वजन कमी व्हायला हवं म्हणून हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी मेस्त्रींबरोबर टेम्पोत बसते. डॅशबोर्डवरचा गणपती पक्का चिकटवलेला होता, तो राहिला. त्याच्या मापाचं हेल्मेट मिळालं नाही.

गाडी टेम्पोत चढवून नेली, कारण जायचं कसं हे तिला ठाऊकच नव्हतं.

ट्रॅकवर तपासणीला खांबेटे नावाचे गृहस्थ होते. त्यांनी टायर दाबून पाहिले, बेल्ट ओढून पाहिला, हेल्मेटवर टिचकी मारली आणि गाडी रेषेवर घ्यायला सांगितली. हिरवं निशाण वर गेलं. हे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "येतो गं."

खांबेट्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "तुमची फेरी झाली."

"अहो, मी हललोसुद्धा नाही!"

"सुरू झालेली नाही हे मान्य. पण संपलेली आहे. ब्रेक बघा, तापलेत."

"मग आता?"

"घरच्या माणसाने तुम्हाला पाठवावं लागेल. स्पष्ट शब्दांत. 'जाऊन या' चालत नाही, त्यात येणं आहे. इथे सुरुवातीची आणि शेवटाची रेष एकच आहे, साहेब. येणं आधी झालं तर जायला जागाच राहत नाही. नुसतं 'जा' म्हणायला हवं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मेस्त्री टेम्पोमागे जाऊन उभे राहिले. गाड्यांच्या बाबतीत त्यांना कशाची भीती नाही, पण सासूबाईंना ते ओळखतात.

मला भीती वाटली. या माणसाची मी सकाळ-संध्याकाळ थट्टा करते, पण संध्याकाळी फाटक वाजलं नाही तर मला जेवण जात नाही. तो शब्द मी कधी भांडणातही उच्चारलेला नाही. मी म्हटलं, "मला नाही जमायचं."

यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. हेल्मेटचा पट्टा सोडला आणि म्हणाले, "जाऊ दे."

मी मागे वळले आणि अर्ध्यातच थांबले. लडाख, कोचीन, कालची गाडी, आजची गाडी. इतकी वर्षं हा माणूस एकच गोष्ट मागत होता, चांगल्या मराठीत, आणि आम्हाला वाटत होतं की त्याने विषय सोडला.

मी गाडीजवळ गेले, पट्टा पुन्हा लावला आणि म्हटलं, "जा."

गाडी गेली. जाताना ती कसा आवाज करते, हे मला तोवर माहीत नव्हतं. वळणावर मागची चाकं थोडी घसरली, गणपती हलला नाही, आणि हे आमच्यासमोरून गेले. पुन्हा गेले. काचेतून चेहरा दिसला. लग्नाच्या फोटोतही तो तसा नाही.

बाकीच्या गाड्या थांबल्या, टेम्पोत चढल्या. आमची फिरत राहिली. खांबेट्यांच्या मते पेट्रोल कधीच संपलेलं होतं, पण थांबायला आधी घरी यावं लागतं, आणि तसं तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी डबा उघडला, माझ्या वाटणीच्या दशम्या खाल्ल्या, यांच्या झाकून ठेवल्या. सासूबाईंचा फोन वाजत राहिला.

उन्हं उतरली तसे खांबेटे निशाणं गुंडाळत माझ्याजवळ आले. "वहिनी, परत बोलवायचं का? तुम्ही नुसतं 'या' म्हटलंत तरी पुरे आहे."

समोरून गाडी गेली. यांनी हात हलवला.

"जाऊ दे," मी म्हटलं.

बरं म्हणून खांबेट्यांनी विषय सोडला.