सदर कवितेच्या संदर्भात

राजसीने जर्नल जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "आजोबा, दहापैकी सात झालेत. रफ आतच आहे. तुम्ही फक्त फेअर करून द्या."

विष्णुपंतांनी चष्मा बदलला. गद्र्यांच्या घरात जर्नल हे एकट्याचं काम कधीच नव्हतं. मुलगा अनीश शाळेत होता तेव्हापासून पद्धत ठरलेली होती. मजकूर विष्णुपंतांनी लिहायचा आणि आकृत्या वृंदाबाईंनी काढायच्या. अनीशचा बेडूक वृंदाबाईंच्या हातचा, आणि पुढे नातीचं जास्वंदीचं फूलही. यात कोणाला काही गैर वाटत नसे. अंबरनाथजवळच्या पालेगावातल्या त्यांच्या सोसायटीत निम्म्या मुलांची जर्नल्स अशीच पुरी होत. वृंदाबाई जाऊन आता सव्वा वर्ष झालं होतं. त्यानंतरचं हे पहिलं जर्नल. त्यात आकृत्या नव्हत्या.

"विषय काय?" त्यांनी विचारलं.

"अमेरिकन पोएट्री. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या क्लासिक कविता. प्रत्येक कवितेवर एक पर्सनल रिस्पॉन्स लिहायचा. टाइप केलेलं चालत नाही, कारण पोरं मोबाइलकडून लिहून घेतात. हातानेच पाहिजे."

"हाताने म्हणजे तुझ्या."

"आजोबा, प्लीज ना! अजून दोन जर्नल्स बाकी आहेत माझी. सही झाली नाही तर हॉल तिकीट देत नाहीत. वर्ष जाईल माझं."

वर्ष जाईल म्हटल्यावर बोलणं संपलं. विष्णुपंतांनी छत्तीस वर्षं मोरिवलीच्या एका कारखान्यात डिस्पॅच सांभाळलं होतं. त्यांच्या टेबलावरून अपुरा कागद कधी पुढे गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आठव्या पानाशी पोचले आणि थांबले. पुढच्या तिन्ही पानांवर नुसत्या कवितांच्या झेरॉक्स स्टेपल केल्या होत्या. खाली जागा कोरी. त्यांनी राजसीला फोन लावला.

"राहू द्या ते, मी रात्री करते," ती म्हणाली. मागे रिक्षाचा आवाज येत होता.

"अगं, पण पर्सनल रिस्पॉन्स म्हणजे त्यात लिहायचं असतं काय?"

"कविता वाचून मनात जे येतं ते. खरं खरं. बास. ठेवते, आजोबा."

घरात कोणी नव्हतं. मुलगा-सून ऑफिसात होते. जर्नल दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचं होतं, आणि पोरगी दोन रात्री नीट झोपली नव्हती. विष्णुपंतांनी डिक्शनरी काढली आणि आठवी कविता वाचली. मग पुन्हा वाचली. मग पेनचं टोपण काढून खरं खरं लिहायला बसले. त्यांना इंग्रजी येत होतं ते ऑफिसचं. त्यांनी लिहिलं ते मराठीत सांगायचं तर असं होतं :

"विषय : थंडीत चूल पेटविण्याबाबतची कविता. सदर कवितेच्या संदर्भात कळविण्यात येते की, कवी पहाटे उठून एकट्यासाठी चूल पेटवितो. ही बाब खरी आहे. माझी पत्नी वृंदा गतवर्षी दिनांक ११ जानेवारी रोजी मयत झाली. तेव्हापासून मी रोज सकाळी चुकून दोन कप चहाचे पाणी ठेवतो व एक कप ओतून देतो. कवीने किती पाणी ठेवले हे नमूद केलेले नाही. माहितीस्तव सादर."

नवव्या कवितेत बर्फ होता. "बर्फ मी पाहिलेला नाही. अंबरनाथ येथे तो पडत नाही. तथापि सर्व काही पांढरे व शांत झाल्याचा अनुभव मला हॉस्पिटलमध्ये आलेला आहे. कवीला ते सुंदर वाटले. मला तसे वाटले नाही."

दहाव्या कवितेत कवी मागे राहिलेल्या माणसांना सांगत होता की रडू नका. विष्णुपंतांनी ती तीनदा वाचली. "कवी मयताच्या बाजूने बोलतो. मागे राहिलेल्यांची बाजू ऐकून घेतल्याचे कवितेत कोठेही आढळत नाही. सबब सहमत नाही."

त्यांनी जर्नल बंद केलं. खूप दिवसांनी त्यांना दुपारी गाढ झोप लागली. संध्याकाळी राजसीने पानं भरलेली पाहिली आणि "आजोबा, यू आर द बेस्ट!" म्हणून, एक ओळही न वाचता, जर्नल बॅगेत टाकलं.

चौथ्या दिवशी फोन आला. उल्हासनगरहून कॉलेजमधल्या रोहरा मॅडम बोलत होत्या.

"आप राजसीचे कोण?"

"आजोबा."

"तिच्या घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. का?"

"फोनवर नाही सांगू शकत. उद्या अकराला या. और हां, तिला ओरडू नका."

विष्णुपंत दोन रिक्षा बदलून उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या कॉलेजात पोचले. राजसी कॉरिडॉरमध्ये त्यांची वाट पाहत उभी होती. तिने त्यांना दंडाला धरून जिन्याखाली नेलं.

"काय लिहिलंत तुम्ही? काउन्सेलिंग सेलवाल्यांनी माझी फाइल उघडलीय. मी विधुर आहे म्हणे!"

"तू म्हणालीस, मनात येईल ते लिहायचं."

"माझ्या मनात, आजोबा! माझ्या!"

"तुझ्या मनातलं मला कसं कळणार?" विष्णुपंत म्हणाले. "मग आता खरं सांगून टाकू."

"अजिबात नाही! दुसऱ्याने लिहिलंय कळलं तर जर्नल कॅन्सल, हॉल तिकीट पण गेलं. तुम्ही फक्त हो-नाही म्हणा. प्लीज."

विष्णुपंतांनी आयुष्यात खोटा कागद केला नव्हता. पण नातीचं वर्ष होतं. खोटं एकही बोलायचं नाही आणि विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

आत दोघी होत्या. रोहरा मॅडमची रिटायरमेंट जवळ आलेली, समोर जर्नल. शेजारी काउन्सेलर तेजल मॅडम. त्या पंचविशीच्या असतील. त्यांच्यापुढे नवीकोरी फाइल होती आणि चेहऱ्यावर फार काळजी.

"आजोबा, घाबरू नका," तेजल मॅडम म्हणाल्या. "राजसी स्वतःला एका वयस्कर माणसाच्या जागी समजतेय. आपली पत्नी वारली असं ती लिहिते. तेही तारखेसकट."

"तारीख बरोबर आहे."

"म्हणजे?"

"माझी पत्नी त्याच दिवशी गेली."

तेजल मॅडमनी भराभरा लिहून घेतलं. "म्हणजे तिने तुमचं दुःख स्वतःवर घेतलंय. हे जास्त सीरियस आहे. घरात असं काही दिसतं का? म्हणजे, सकाळी दोन कप पाणी ठेवणं?"

"होतं तसं."

"रोज?"

"रविवारीसुद्धा."

"मग एक कप ओतून देणं?"

"बेसिनमध्ये. घरातले उठायच्या आत."

राजसीने आधी हसू दाबण्यासाठी ओठ चावले होते. आता ती आजोबांकडे बघू लागली. घरात चहा आजोबाच करत. सगळे उठत तोवर भांडं धुऊन पालथं घातलेलं असे.

"झोप?"

"तीनला जाग येते. मग पडून राहायचं."

"जेवण?"

"ताटातलं संपतं. चव विचाराल तर सांगता येणार नाही."

"आणि रडणं?" तेजल मॅडमनी आवाज अगदी खाली आणला.

"घरात माणसं असतात तेव्हा नाही."

"आणि नसतात तेव्हा?"

"तेव्हा होतं. दुपारी. दोन ते साडेतीन."

तेजल मॅडमनी फाइलमध्ये वेळ लिहिली.

"मॅम, ते मी नाही लिहिलं," राजसी एकदम म्हणाली. "आजोबांनी लिहिलंय. मी वाचलंसुद्धा नव्हतं. हे सगळं मी आत्ता ऐकतेय. जर्नल कॅन्सल करायचं तर करा."

"राजसी!" विष्णुपंत म्हणाले. "गप्प बैस. तुझं वर्ष आहे."

"जाऊ दे वर्ष. सव्वा वर्षात एकदा तरी बोललात का आमच्याशी? मला वाटलं, तुम्ही आजीला विसरलात. आई-बाबांना पण तेच वाटतं."

तेजल मॅडमचं पेन कागदावर तसंच टेकलेलं राहिलं. रोहरा मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला.

"अरे, मालूम है मुझे," त्या म्हणाल्या. "बत्तीस साल जर्नल तपासतेय. वीस वर्षांची मुलगी 'माहितीस्तव सादर' लिहिते का? कोण आधी तोंड उघडतं ते बघत होते." त्यांनी जर्नल विष्णुपंतांकडे सरकवलं. "साठ जर्नल आलेत, काका. एकोणसाठांना सगळ्या कविता ब्यूटिफुल वाटल्या. कवीशी भांडणारे तुम्ही एकटेच. पण माझ्या रोल कॉलमध्ये तुमचं नाव नाही, काय करू?"

मग त्यांनी निकाल दिला. राजसीने तीन दिवसांत दहाही रिस्पॉन्स स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मनाने लिहायचे. मगच सही.

"आणि फाइल?" राजसीने विचारलं.

तेजल मॅडम लाल झाल्या. "ती मी कालच वर पाठवली. नंबर पडलाय."

विष्णुपंतांना हे लगेच समजलं. "नंबर पडला म्हणजे फाडता येत नाही. रीतसर बंद करावी लागते."

"हो. आणि बंद करायला चार सेशन्स लागतात. तोपर्यंत सिस्टीम हॉल तिकीट सोडत नाही."

"सेशन कोणाचं? विद्यार्थिनीचंच?"

"विद्यार्थी किंवा पालक," तेजल मॅडम म्हणाल्या. त्यानंतर तिघीही विष्णुपंतांकडे पाहत राहिल्या.

विष्णुपंत ओळीने चार गुरुवार कॉलेजात गेले. पहिल्या गुरुवारी त्यांनी वृंदाबाईंच्या आजारपणाची तारीखवार माहिती दिली आणि विचारलं, "याची एक प्रत तुम्हाला हवी का?" दुसऱ्या गुरुवारी तेजल मॅडमनी तारखा सोडून बोलायला सांगितलं. ते वीस मिनिटं गप्प बसले आणि वेळ संपली म्हणून निघून आले. तिसऱ्या गुरुवारी, वृंदाबाई बेडकाची आकृती काढताना जीभ कशी बाहेर काढायच्या, हे सांगता सांगता त्यांना पुढे बोलवेना. दुपारचे बारा वाजले होते. शिपाई कमळाकर पाण्याचा ग्लास घेऊन आला, दारातूनच परत गेला आणि बाहेर उभ्या पोरांना म्हणाला, "चला रे, निघा इथनं. सेशन चालू आहे." चौथ्या गुरुवारी राजसी त्यांच्याबरोबर आत बसली. त्या दिवशी दोघं मिळून इतकं बोलले की तेजल मॅडमना मध्ये शिरायला जागा मिळाली नाही.

राजसीच्या नव्या जर्नलवर सही आधीच झाली होती; त्यानंतरच्या सोमवारी फाइल बंद झाल्याचा कागदही मिळाला. प्राचार्यांची सही होती, गोल शिक्का होता. राजसीने तो कॉलेजच्या व्हरांड्यात मोठ्याने वाचायला घेतला.

"प्रमाणित करण्यात येते की, तृतीय वर्ष कला शाखेतील कु. राजसी अनीश गद्रे यांनी चार सत्रे नियमित पूर्ण केली. पत्नीच्या निधनाच्या दुःखातून त्या आता हळूहळू सावरत असून…" ती थांबली. "आजोबा! हे काय लिहिलंय? बदलून आणू का?"

विष्णुपंतांनी कागद हातात घेतला. सही पाहिली, शिक्का पाहिला, मजकूर शेवटपर्यंत वाचला.

"काही बदलू नकोस," ते म्हणाले. "मजकूर बरोबर आहे. नाव तेवढं तुझं पडलंय. जा, हॉल तिकीट घेऊन ये. खिडकी एकला बंद होते."