बैलाचं नाव

नथ्थूजी संपादक बातमीतल्या बैलाचंही नाव विचारायचे. गाडी उलटली म्हणा, वाघाने गुरं मारली म्हणा, माणसांची नावं सांगून झाली की चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणायचे, "अन् बैलाचं?" ज्याला सांगता आलं नाही त्याची मुलाखत तिथेच संपली.

त्यांचं साप्ताहिक चांद्याला, गावाभोवतीच्या जुन्या परकोटाच्या आत, आमच्या घराला लागून असलेल्या खोलीतून निघायचं. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. साप्ताहिकाचं नाव सांगत नाही, कारण पैसे घालणाऱ्या मालकाचे नातू अजून गावात आहेत आणि भांडखोर आहेत. पायाने चालवायचं एक छापयंत्र, खिळे, म्हणजे छापायची शिशाची अक्षरं, जुळवणारा दौलत आणि नथ्थूजी, एवढाच कारभार. एक बातमीदार हवा होता. तो दोन वर्षं हवाच होता.

दर आठवड्याला अंकात चौकट यायची, 'बातमीदार पाहिजे'. शिकलेली माणसं यायची, वरोऱ्याहून, ब्रह्मपुरीहून, एकदा तर नागपूरहून. आत खुर्ची एकच, तिच्यावर नथ्थूजी. म्हणून उमेदवार आमच्या ओट्यावर बसायचे. आत जाण्याआधी पाणी मागायचे. बाहेर आल्यावर काहीच मागत नसत, नुसते बसायचे. मग मी विचारायची, काय झालं.

परीक्षा एकच होती. "जा, बाजारातून एक बातमी आणा. तासभर दिला." पदवीच्या सुरळीकडे ते पाहतही नसत. समोरचा बोलत असताना टेबलाखाली पायाने चपला शोधत राहायचे. चपला सापडल्या की उमेदवाराने निघायचं.

नागपूरचा बी.ए. कोट घालून आला होता. तो बाजारात गेलाच नाही. माझ्याच ओट्यावर बसून त्याने पंचवार्षिक योजनेवर चार पानं लिहिली. अक्षर सुंदर. नथ्थूजींनी चारही पानं वाचली आणि विचारलं, "यात माणूस कुठी आहे?"

"संपूर्ण जनता आहे," बी.ए. म्हणाला.

"तिचं नाव काय?"

बाहेर येऊन त्याने मला हळूच विचारलं, "बाई, हे गृहस्थ बरे असतात ना?" मी म्हटलं, "जेवतात वेळेवर."

ब्रह्मपुरीचे एक मास्तर मात्र हुशार निघाले. बैलगाडीवरून पडलेला माणूस, त्याचा बाप, त्याचं गाव, दोन्ही बैल, सगळी नावं त्यांनी धडाधड सांगितली. आम्हाला वाटलं, लागले मास्तर. नथ्थूजी उठले, चपला घातल्या आणि मास्तरांना घेऊन बाजारात गेले. तिथे असा कोणी पडलाच नव्हता. मास्तर ओट्यावर परत आले नाहीत. त्यांची छत्री मी पुढे तीन पावसाळे वापरली.

आमचे हे उमेदवार होईपर्यंत मला या सगळ्याची गंमतच वाटायची.

हे म्हणजे माझे यजमान. लाकडाच्या ठेकेदाराकडे कारकून होते. ठेकेदाराचं जंगलातलं काम संपलं आणि हे घरी बसले. बेकारीचा पाचवा महिना लागला तेव्हा आरमोरीहून माझ्या भावाचं पत्र आलं, दोघं इकडे या, धानाची कामं आहेत. भाऊ चांगला होता. भावजय मात्र मी जेवायला बसले की माझ्या ताटातल्या भाताकडे बघत उभी राहायची. मी ठरवलं, आरमोरीला जायचं नाही. म्हणजे ह्यांना शेजारची नोकरी लागलीच पाहिजे.

पहिल्यांदा ह्यांनी बातमी आणली, नाल्यावर वाघाने बैल मारला. "कोणाचा?" ते विचारायचं राहून गेलं होतं. दुसऱ्या खेपेला मालकाचं नाव आणलं, बापाचं आणलं, गाव आणलं.

"अन् बैलाचं?"

"मेलेल्या बैलाले काय हाक मारायची होती?" हे म्हणाले. चपला सापडल्या.

तिसऱ्यांदा हे जायला तयार होईनात. मग मीच गेले. बाईमाणूस पदर खोचून छापखान्यात शिरलेलं पाहून दौलतच्या हातचे खिळे सांडले.

"नथ्थूजी," मी म्हटलं, "शेजारी राहून तुमी आमाले उपाशी मारून राह्यले."

"कोणाबद्दल बोलून राह्यल्या, बाई?"

"आमच्या ह्यांच्याबद्दल."

"नाव काय त्यांचं?"

"रोज तुमच्यासमोर ओट्यावर दात घासतात. ठाऊक नाई काय?"

"मले ठाऊक आहे. तुमच्या तोंडून पाहिजे."

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. मी तसं सांगितलं. परक्या बाईला तिच्या नवऱ्याचं नाव घ्यायला लावणाऱ्याला आमच्या आरमोरीत काय म्हणतात, तेही सांगितलं. दौलत खिळे वेचायच्या निमित्ताने टेबलाखालीच राहिला.

नथ्थूजी रागावले नाहीत. त्यांचे पाय मात्र चपला शोधायचे थांबले.

"मी आठ वर्षांचा होतो," ते म्हणाले. "धानोऱ्याकडं आमचं गाव. माय मोहफुलं वेचाले गेली, वाघानं नेली. ठाण्याचा शिपाई लिहून घ्याले आला. म्हणे, बाईचं नाव काय? बाप तर आधीच गेला होता. आजी तिले पोरी म्हणे, गाव नथ्थूची माय म्हणे. तिच्या माहेरचं साथीत कोणी उरलं नव्हतं."

"मंग?"

"मले आमच्या बैलांची नावं ठाऊक होती. चांद्या अन् लाल्या. तीच सांगितली." त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "शिपायानं लिहिलं, एक बाई. पेपरातही तसंच आलं. एका बाईस वाघाने मारले."

मी खोचलेला पदर सोडला. मी म्हटलं, "महादेव. महादेव गणपत."

टेबलाखाली दौलतचं डोकं फळीला आपटलं.

"अन् तुमचं?" नथ्थूजींनी विचारलं.

शाळेतल्या हजेरीनंतर ते मला कोणी विचारलं नव्हतं. शाळाही चौथीतच सुटली होती. मी सांगितलं, अनसूया. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं, बातमी असल्यासारखं.

ह्यांना नोकरी लागली. अट एकच होती, बातमी छापायला देण्याआधी मला वाचून दाखवायची. मग मी विचारायची, कोणाची सून, कोणाची गाय, आणि हे कुरकुरत पुन्हा सायकल काढायचे. आमच्या अंकात पंचवार्षिक योजना कधी नीट आली नाही, पण गाय हरवली तर तिच्या वासराचं नाव यायचं. लोक हसायचे आणि अंक विकत घ्यायचे.

नथ्थूजी गेले तेव्हा त्यांची बातमी ह्यांनीच लिहिली आणि नेहमीप्रमाणे मला वाचून दाखवली. नथ्थूजींचं नाव होतं, वडिलांचं होतं, गावाचं होतं. चांद्या आणि लाल्याही होते.

"अन् मायचं?" मी सवयीने विचारलं.

ह्यांनी कागदाची घडी घातली. मग आम्ही दोघं छापखान्यात गेलो आणि दौलतला सांगितलं, मायच्या नावापाशी जागा मोकळी ठेव.

त्याने खिळ्यांच्या खणावरून मान वर केली. "किती ठेवू, बाई? नाव केवढं होतं?"

"अनसूयाएवढी ठेव," मी म्हटलं.