सासरे, कोंबडा आणि एकच बटण

घरात विजेचं काम निघालं की मी वायरमनला बोलावत नाही. बल्ब बदलणं, इस्त्रीची वायर जोडणं, पंख्याची कुरकुर घालवणं ही कामं मी वर्षानुवर्षं स्वतः करत आलोय आणि आमच्या घराला अजून एकदाही आग लागलेली नाही. याहून मोठं प्रमाणपत्र कोणतं हवं?

त्यामुळे खुराड्यात दिवा हवा असं बायको म्हणाली, तेव्हा मी पेपरातून मानसुद्धा वर न काढता म्हणालो, "रविवारी होऊन जाईल."

दिव्याची गरज खरी होती. थंडीचे दिवस. सूर्य सरकारी कारकुनासारखा उशिरा येऊन लवकर जायचा, आणि त्याचं बघून कोंबड्यांनीही काम बंद ठेवलं होतं. उजेड कमी पडला की त्या अंडी देत नाहीत. रोज अंधार पडल्यावर थोडा वेळ दिवा लावला तर पुन्हा सुरू होतात, असं बायको कुठूनतरी ऐकून आली होती. अडचण एवढीच, की खुराडं परसाच्या पार टोकाला, कुंपणाला टेकून होतं. वास नको म्हणून ते तिथे बांधायचा हट्ट माझाच. बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

वायरमनला तिने परस्पर विचारूनही ठेवलं होतं. त्याचं म्हणणं, चर खणायचा, पाइपातून केबल टाकायची आणि मीटरपासून स्वतंत्र लाइन घ्यायची. मला हसू आलं. कोंबड्यांना स्वतंत्र लाइन म्हणजे मुंगीच्या लग्नाला बँडबाजा!

रविवारी मी घराला प्रदक्षिणा घातली आणि लक्षात आलं की खुराड्याला सगळ्यात जवळची भिंत बाथरूमची. मग काय, तिथल्या बल्बच्या होल्डरमधूनच दोन तारा काढल्या, झरोक्यातून बाहेर घेतल्या, कपडे वाळत घालायच्या खांबावरून आणि लिंबाच्या झाडावरून नेऊन थेट खुराड्यात उतरवल्या. अंधार पडल्यावर बाथरूमचं बटण दाबलं. इकडे बल्ब लागला आणि तिकडे परसाच्या टोकाला खुराडंही उजळलं.

"अहो, खरंच लागला की," बायको म्हणाली. तिच्या आवाजातलं आश्चर्य मला जरा खटकलं, पण मी मनावर घेतलं नाही.

तेवढ्यात कोंबडा आरवला. दिवस उगवला असं वाटलं बिचाऱ्याला. आम्ही दोघंही हसलो. ते आमचं त्या आठवड्यातलं शेवटचं हसणं.

झालं होतं असं, की बाथरूम आणि खुराडं एकाच बटणावर आलं होतं. घरातलं कुणीही बाथरूमला गेलं की खुराड्यात सूर्योदय, बाहेर आलं की सूर्यास्त. आणि आमचा कोंबडा तरुण, कामाला चोख, गळा एसटीच्या भोंग्यासारखा. तो एकही सूर्योदय वाया जाऊ देत नव्हता.

आम्ही दोघांनी ते चालवूनही घेतलं असतं. पण घरात सासरेबुवा होते. सासूबाई गेल्यापासून ते एकटे राहत होते. चार दिवस आमच्याकडे या, म्हणून बायको किती दिवस त्यांच्या मागे लागली होती, तेव्हा कुठे आले होते. मोठे मानी गृहस्थ. कोर्टात शिरस्तेदार होते. साधी सर्दी झाली तरी चारचौघांत कळू न देणारे. पण वय झालेलं. या वयात माणसाला जितक्यांदा उठावं लागतं तितक्यांदा ते उठत आणि तितक्यांदा कोंबडा आरवत असे.

दोन दिवसांनी शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. आमचा बाथरूमचा झरोका आणि खुराडं, दोन्ही त्यांच्या अंगणातून दिसायचं. त्यांच्या आवाजात खरी काळजी होती, हे मला मान्य करायला हवं. "बाबांना बरं नाही का हो? काल फारच वेळा आरवला," त्या म्हणाल्या, आणि अशा तक्रारीवर जवाचं पाणी किती गुणकारी असतं ते त्यांनी सविस्तर सांगितलं. वाळत घातलेल्या चादरीपलीकडे सासरेबुवा उभे होते, हे आम्हा दोघांनाही उशिरा कळलं.

त्या संध्याकाळपासून ते बाथरूममध्ये दिवा न लावता जाऊ लागले. भिंत चाचपत जायचे, भिंत चाचपत यायचे. मग एकदा जेवणानंतर अंधारात दात घासायला गेले आणि माझ्या दाढीच्या क्रीमने दात घासून आले. तोंडाला फेस आलेले वडील दारात पाहून बायकोने जी किंकाळी फोडली, ती ऐकून काकू पलीकडून धावत आल्या.

सासरेबुवांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाले, "जावईबापू, आयुष्यभर लोकांच्या भानगडी पोटात ठेवल्या. इथे माझी एक साधी गोष्ट झाकली जात नाही. मी उद्या धाकट्याकडे जातो."

आणि ते खोलीत जाऊन बॅग भरायला लागले.

बायको मला रागावली असती तर बरं झालं असतं. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "आई गेल्यावर पहिल्यांदा ते पोटभर जेवायला लागले होते."

मी तसाच उठलो, बाथरूममध्ये स्टूलवर चढलो आणि त्या तारा होल्डरमधून ओढून काढल्या. त्या ओढाताणीत होल्डरच्या मूळच्या दोन्ही ताराही निसटून एकमेकांना चिकटल्या, हे मला दिसलं नाही. खाली उतरून बटण दाबलं. फाट्‌ असा आवाज झाला, जळका वास आला आणि घर अंधारात गुडूप झालं. सासरेबुवांच्या खोलीतून आवाज आला, की त्यांना बॅगही दिसत नाही आणि कपडेही. त्यामुळे भरणं तिथेच थांबलं.

सकाळी नाक मुठीत धरून वायरमनला बोलावलं. तो आला तोच कानाला फोन लावून. तसाच एका हाताने चर खणायला लागला. सासरेबुवा निघायच्या तयारीने ओसरीवर उभे होते. त्यांनी चराकडे पाहिलं, मग वायरमनकडे पाहिलं.

"वाकडा चाललाय," ते म्हणाले.

वायरमन म्हणाला की केबलला काही फरक पडत नाही. आपल्याला पडतो, असं सांगून सासरेबुवांनी खुर्ची मागवली आणि चराच्या डोक्याशी ठाण मांडून बसले. त्यांची गाडी निघून गेली. मी आठवण करून दिली नाही. बायकोने मला तसं डोळ्यांनीच बजावलं होतं.

संध्याकाळपर्यंत खुराड्याला मीटरपासून स्वतंत्र लाइन आणि दिव्याशेजारी एक प्लग मिळाला, चर दोरी लावल्यासारखा सरळ. मग वायरमनने घराचा बोर्ड उघडला आणि लांब शिट्टी वाजवली. आतल्या वायरी पार जळून गेल्या होत्या. घरची लाइन बंद ठेवा, सामान घेऊन उद्या येतो, म्हणाला. वायरमनच्या उद्याचा आणि कॅलेंडरातल्या उद्याचा काहीही संबंध नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणजे आता सबंध घरात वीज होती ती फक्त खुराड्यात. आधी तिथे माझा फोन चार्जिंगला गेला. मग बायकोचा मिक्सर गेला, मग इस्त्री. शेवटी सासरेबुवा खुर्ची आणि पेपर घेऊन तिथे जाऊन बसले. कोंबडा आरवला की ते पेपरातूनच "हं, ऐकलं" म्हणतात. दोघांचं बरं जमलंय. आता काकूही संध्याकाळी त्यांच्याशी गप्पा मारायला कुंपणाशी येतात. धाकट्याकडे जायचा विषय निघालेला नाही.

कोंबड्यांना मात्र ही गर्दी मानवली नाही. मिक्सरचा आवाज सुरू झाला तशा त्या एकेक करून बाहेर पडल्या आणि आमच्या शांत, अंधाऱ्या घरात येऊन राहिल्या. अंडी? देतात ना. काल ऑफिसला निघताना अंधारात घाईघाईने बूट चढवायला गेलो, तेव्हा ही आनंदाची बातमी सगळ्यांच्या आधी माझ्या डाव्या पायाला कळली.