एकोणीस कोटींत पहिला

पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाला सगळे पाठीमागे ‘एरंडेल’ म्हणत. चेहराच तसा होता. एका सकाळी लेकीने चहाच्या कपापलीकडून मोबाईल त्याच्यापुढे धरला.

“बाबा, हे तुम्हीच ना?”

तिने कॉलेजच्या कामासाठी ‘आनंदी माणूस’ असं शोधलं होतं. पहिलाच फोटो बाबांचा. मान मागे, डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं आणि चेहऱ्यावर नुसता उजेड.

“खाली बघा. एकोणीस कोटी निकाल. त्यात पहिले तुम्ही.”

एरंडेलला आठवलं. एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभाचा फोटो. मागे कोणीतरी जुनी पोती झटकली होती आणि त्याला शिंक येऊ घातली होती. नेमक्या त्या क्षणी फोटो निघाला आणि पुढे कोणीतरी तो इंटरनेटवर टाकला.

त्या दुपारी डबा बाजूला ठेवून तो मोबाईलला प्रश्न विचारत बसला. मासे झोपतात का, चंद्रावर वजन किती भरतं, काय वाटेल ते. बोट उचलायच्या आत उत्तर हजर. त्याच्या खिडकीतून निघालेलं पार्सल शेजारच्या गावात पोचायला चार दिवस घेई. आणि इतकं अफाट काहीतरी, ज्याने जगातले सगळे चेहरे पाहिले होते, त्याने आपला निवडावा?

लेकीने फोटोखाली पोस्टाचा पत्ता टाकला आणि खिडकीवर लोक येऊ लागले. आधी शाळकरी पोरं, मग सेल्फीवाले. दूरदेशीच्या एका खलाशाचं कार्ड आलं, ‘रोज सकाळी तुमचा चेहरा बघतो, मग कामाला लागतो.’ एरंडेलने ते चारदा वाचलं.

“खिडकीवर जरा फोटोसारखं बसत जा,” पोस्टमास्तर म्हणाले.

त्याने प्रयत्न केला. दुसऱ्याच दिवशी एका बाईंनी लेखी तक्रार दिली, ‘खरा आनंदी माणूस लपवून तोतया बसवला आहे.’ पोस्टमास्तरांनी त्याच्याकडून तो तोच असल्याचं लिहून घेतलं.

घरी बायको तीन दिवस तो फोटो निरखत होती. चौथ्या दिवशी बोलली.

“फोटो काढला तेव्हा समोर कोण होतं?”

“फोटोग्राफर.”

“बाई होती?”

“टकल्या होता.”

“तीस वर्षं मी समोर आहे. मला हा चेहरा कधी दिसला नाही. आणि एकोणीस कोटी लोकांना दिसला.”

“अगं, शिंक होती ती.”

“मग शिंकून दाखवा.”

त्याने ओट्यावरची मिरपुडीची डबी घेतली आणि जोरात हुंगली. मान मागे गेली, डोळे मिटले, तोंड उघडलं. बायकोने मोबाईल त्याच्या गालाशी धरून दोन्ही चेहरे ताडून पाहिले. मग शिंक आली आणि हातातलं झाकण उडून कपाटाखाली गेलं.

“तोच चेहरा,” ती म्हणाली. “म्हणजे कोणी नव्हतं.”

“नव्हतं.”

“नुसती शिंक.”

“नुसती शिंक.” त्याला हायसं वाटलं.

बायको मात्र खुर्चीवर टेकली. “मला वाटलं होतं, कुणामुळे का होईना, एकदा तरी तुम्ही इतके खूश झाला असाल.”

डबी तिच्यापुढे ठेवून त्याने कपाटाखालचं झाकण काढलं. मग विचारलं, “आणखी एकदा शिंकू का?”

तिने डबी त्याच्याकडे सरकवली आणि खुर्ची ओढून नीट समोर बसली.