लोटननानांचा दुसरा नंबर

आमच्या कॉलनीत कुणाकडे सत्यनारायण असो, बारसं असो की वास्तुशांत, दारात चपलांच्या ढिगाशेजारी एक प्लास्टिकची खुर्ची लागते आणि तिच्यावर लोटननाना बसतात. मांडीवर टोपली. वेताची, एरवी कांदे ठेवायची. आलेल्या पाहुण्याला नाना वाकून नमस्कार करतात, घरच्यांची विचारपूस करतात आणि टोपली पुढे धरतात.

"मोबाइल टाका. पूजेत वाजला तर बरं दिसत नाही. आणि लॉक काढून टाका बरं का, घरून काही तातडीचं आलं तर मी बघतो."

पाहुणा भारावतो. किती हा सेवाभाव! तो मोबाइल टाकतो आणि आत जाऊन हात जोडून बसतो. इकडे कथेचा पहिला अध्याय संपेपर्यंत टोपलीतला प्रत्येक मोबाइल, आवाज पूर्ण बंद करून, नानांचा कार्यक्रम ऐकायला लागलेला असतो. माणसं देवाचं ऐकतात, त्यांचे मोबाइल नानांचं.

नानांचा पॉडकास्ट आहे. पॉडकास्ट म्हणजे मोबाइलवर हवा तेव्हा ऐकायचा कार्यक्रम. रेडिओसारखाच, फक्त यात रेडिओ स्टेशन माणसाच्या बेडरूममध्ये असतं आणि कार्यक्रम चालू असताना घरच्यांना मिक्सर लावता येत नाही. नानांच्या कार्यक्रमाचं नाव 'चौकशी खिडकी'.

हे नाव त्यांना शोधावं लागलं नाही. नाना जळगावच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे काचेमागे बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे माइकवर सांगणारे. निवृत्त होऊनही माइक काही घशातून उतरलेला नाही. सकाळी हॉलमधून स्वयंपाकघराकडे तोंड करून ते विचारतात, "चहा सुटला का?" आतून वहिनी म्हणतात, "अजून दूधच आलं नाही." यावर नाना संपूर्ण बिल्डिंगला ऐकू जाईल असं जाहीर करतात, "प्रवाशांनी नोंद घ्यावी, चहा उशिरानं धावत आहे!"

नानांची कथा मात्र एकट्या नानांची नाही. तिचं दुसरं टोक धुळ्याला आहे. तिथे स्टँडवर त्याच कामाला आत्मारामआबा होते. इकडून पारोळामार्गे गाडी सुटली की नाना फोन करायचे, "सोडली." तिकडे पोचली की आबांचा फोन, "आली." मग परतीची गाडी, परत तेच. असा दोघांचा सगळा संसार फोनवर झाला. प्रत्यक्ष भेट फार तर एखाद्या लग्नात.

हा संसार मोडला नानांच्या निवृत्तीच्या समारंभात. आबा खास धुळ्याहून आले होते, नवीन शर्ट घालून. नानांना भाषणासाठी माइक दिला गेला, आणि माइक हातात आला की नानांना समोर माणसं दिसत नाहीत, फक्त प्रवासी दिसतात. ते म्हणाले, "मी आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्या. त्या वेळेवर पोचल्या की नाही, हे धुळ्याला विचारा. तिथे घड्याळ शे, पण ते भिंतीनी शोभा शे!" सभागृह हसलं. आबा ताटावरून उठले. गुलाबजाम तसाच ठेवून धुळ्याच्या गाडीत जाऊन बसले. तेव्हापासून अबोला. ना 'सोडली', ना 'आली'.

पुढे एकदा नाना पारसशेठच्या दुकानात बसले होते. पारसशेठ जुने मोबाइल घेतात, दुरुस्त करून विकतात. आवाज तपासायला म्हणून त्यांनी एका मोबाइलवर काहीतरी लावलं, आणि त्यातून आत्मारामआबा बोलायला लागले! आबांनी पॉडकास्ट काढला होता, 'आबानी बैठक'. स्टँडवर हरवलेली माणसं, सापडलेल्या पिशव्या, चुकीच्या गाडीत बसून सासरऐवजी साक्रीला पोचलेली नवरी, असे सगळे किस्से. पारसशेठ सांगतात, नाना शेवटपर्यंत हललेसुद्धा नाहीत. संपल्यावर एवढंच म्हणाले, "हाई तर मीबी करू शकस." आणि केलं.

आता हे पॉडकास्टचं ॲप दर आठवड्याला एक यादी काढतं. विषयवार, भाषावार, कुणाला किती ऐकलं त्याप्रमाणे नंबर. दोघांचेही कार्यक्रम 'इतर छंद' नावाच्या कोपऱ्यातल्या विभागात होते. इथे का, असं मी विचारलं तर नाना म्हणाले, "गर्दी नही. रिकामी गाडीमा खिडकीनी जागा भेटस." आबा पहिले, नाना दुसरे. तिसऱ्या नंबरावर निवडुंग वाढवणारे एक गृहस्थ होते, त्यांना या युद्धाची खबरही नव्हती.

युद्ध म्हणायचं कारण असं, की आबांनी आपल्या कार्यक्रमात जाहीर करून टाकलं होतं, "जळगावनी खिडकी मना वर गई, ते मी त्याच दिवशी माइक गुंडाळसू आनि माळ्यावर टाकी दिसू." नानांनी हे मला स्वतः ऐकवलं. वर टाळी मागितली.

"मग आता?" मी विचारलं.

"आता बघा तुम्ही भाऊ," नाना म्हणाले.

आणि मी बघतच राहिलो. टोपली तर होतीच. मग नानांनी कार्यक्रमाखाली लोकांच्या नावानं अभिप्राय लिहायला घेतले. 'एक गृहिणी, चोपडा', 'एक कॉलेजकुमारी, भुसावळ', 'एक जवान, सीमेवरून'. नावं निरनिराळी, पण भाषा? "सदर कार्यक्रम ऐकून समाधान झाले. तरी सर्व प्रवाशांनी लाभ घ्यावा." कॉलेजकुमारीसुद्धा शेवटी 'कळावे' लिहायची.

मग चौकात फ्लेक्स लागला. नाना कानाला हेडफोन लावून, हात छातीवर. खाली भलं मोठं 'महाराष्ट्रात क्रमांक एक!' आणि त्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात 'होण्याच्या मार्गावर'.

कळस केला तो पाण्याच्या वेळी. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आणि कधी येईल हे कुणी छातीठोक सांगत नाही. एका सकाळी सगळ्या बिल्डिंगांच्या दारांवर कागद चिकटलेले: 'पाणी कधी येणार? येथे स्कॅन करा.' बायकांनी धडाधड मोबाइल लावले, तर आतून नाना: "नमस्कार! पाण्याचं शेवटी सांगतो. तोपर्यंत एक किस्सा ऐका." अख्खी कॉलनी हातात बादल्या घेऊन नशिराबादच्या एका कंडक्टरचा किस्सा ऐकत उभी. शेवटी नाना म्हणाले, "पाण्याबद्दल अद्याप माहिती प्राप्त नाही." त्या दिवशी वहिनींना कुणी कढीपत्तासुद्धा दिला नाही.

रोज दुपारी नाना पारसशेठच्या दुकानात. काचेच्या कपाटातले सगळे मोबाइल चालू, सगळे मुके. पारसशेठ माझ्याजवळ कळवळून म्हणाले, "भाऊ, गिऱ्हाईक मोबाइल हातात घेतो, आवाज वाढवून बघतो, तर आतून म्हातारा माणूस बोलतो. भूतबाधेचा माल म्हणून ठेवून जातात हो!"

पण खरी गंमत पुढेच आहे, आणि तिनंच माझं डोकं खाल्लं. एवढी टोपली, एवढे अभिप्राय, एवढे मुके मोबाइल. आणि दर आठवड्याला यादी लागली की आबा पहिले, नाना दुसरे. एकदाही उलटं नाही. नाना आमच्या घरी येऊन हात आपटायचे. "तिकडे मोठी चोरी शे भाऊ! त्यानी बठ्ठं धुळं, सगळंच्या सगळं, कामाले लायेल शे!" आणि मग आमच्याकडे दोन कप चहा पिऊन, मला तरी वाटायचं, जरा जास्तच खुशीत परत जायचे. हरलेला माणूस जिना उतरताना गुणगुणतो का?

माझं धुळ्याला एका साखरपुड्याला जाणं झालं. म्हटलं, शत्रूचा कारखाना पाहून येऊ. आबांचं घर शोधून काढलं. दारात लिंबाचं झाड, त्याखाली खाट, खाटेवर आबा, आबांजवळ एक मोबाइल. एकच, तोही काच तडकलेला. टोपली नाही, फ्लेक्स नाही, काही नाही. पाच मिनिटं कुणी बोलायला मिळालं म्हणून त्यांचा चेहरा उजळला. मुलं परगावी, घरात एकटेच. म्हणाले, "आपण काही लबाडी करत नाही. लोक आपणहून ऐकतात. पहिला नंबर आहे म्हणून सोमवारी उठून दाढी करतो, रेकॉर्डिंग करतो. नाहीतर कुणासाठी करायची?" मी निघालो तेव्हा मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि झाडाकडे बघत म्हणाले, "लोटन बरा शे ना?" मी हो म्हणायच्या आत स्वतःच म्हणाले, "माले काय करनं शे!"

परतीच्या गाडीत मी विचार करत होतो. या माणसाला एवढं ऐकतं तरी कोण?

उत्तर मिळालं भरिताच्या पार्टीत. थंडी पडली की आमच्याकडे शेतात जाऊन भरीत करायचं, हा नेमच आहे. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची, सोलून ठेचायची, पुऱ्या तळायच्या आणि झाडाखाली बसून पोटाला तडस लागेपर्यंत खायचं. माझ्या मेहुण्याच्या शेतात अख्खी कॉलनी जमली होती. नाना अर्थातच टोपलीसह. "हात तेलकट होतील, मोबाइल टाका," असं म्हणून त्यांनी सगळे गोळा केले आणि बांधावर जाऊन बसले.

माझं जेवण होत आलं तेव्हा बायकोनं फोटो काढायला मोबाइल आणायला सांगितलं. नाना मागे वळून कुणाशी तरी बोलत होते. मी टोपलीतून माझा उचलला. का कुणास ठाऊक, आवाजाचं बटण दाबलं.

आत्मारामआबा बोलत होते.

मी दुसरा उचलला. आबा. तिसरा. आबा. टोपलीत वरच्या थराला चार-दोन मोबाइलवर नाना होते, खाली सगळीकडे धुळं.

"नाना!"

नानांनी वळून पाहिलं. माझ्या हातातून आबांचा आवाज येत होता. आधी ते म्हणाले, "चुकीना फलाटले लागनी वाटतं." मग माझा चेहरा बघून बांधावर बसकण मारली.

"जास्त त्याले लावस," ते खाली बघत म्हणाले. "थोडा माले. मी दुसरा राहाले पाहिजे ना. मी वर गऊ, ते तो बंद करी दी. त्यानं जाहीर करेल शे. शब्दना पक्का शे तो."

"मग तुमचा कार्यक्रम कशाला? नुसतं त्यांचंच वाजवायचं."

"मी मांगे नसनू ते तो कोनशी भांडी?" नाना म्हणाले. "भांडण शे म्हणून दर सोमवारले बोलस. त्यानी बंद करं, ते मी काय ऐकसू?"

म्हणजे जळगावातला सगळ्यात मोठा लबाड माणूस दुपारभर राबत होता तो दुसरा येण्यासाठी. मोबाइल तसाच टोपलीत ठेवून मी भरीत खायला परत गेलो.

आणि मग व्हायचं तेच झालं. ॲपवाल्यांनी झाडू मारला. कुठल्या कार्यक्रमाला खोटं ऐकणं मिळतंय हे त्यांनी यंत्र लावून तपासलं. नाना पकडले कसे गेले, तर शिस्तीपायी. पारसशेठच्या दुकानातले मोबाइल ते घड्याळ बघून, रोज एकाच ठोक्याला, सगळेच्या सगळे सोडायचे. एकही मिनिटभर पुढेमागे नाही. खरा श्रोता मध्येच थांबतो, त्याला फोन येतो, तो झोपतो. नानांचे श्रोते मात्र वेळापत्रकाप्रमाणे सुटायचे आणि वेळापत्रकाप्रमाणे पोचायचे. इतकी शिस्तीची माणसं खरी असूच शकत नाहीत, हे यंत्रालाही कळलं.

नवी यादी लागली. पहिल्या नंबरावर निवडुंग. 'चौकशी खिडकी' नाही. 'आबानी बैठक'ही नाही, अगदी खालपर्यंत पाहिलं तरी नाही.

सोमवार आला. आबांचा नवा भाग आला नाही. नाना दिवसभर मोबाइल खाली ओढून ओढून बघत होते. संध्याकाळी मी गेलो तर दारातच बसलेले, दाढी वाढलेली. वहिनी म्हणाल्या, "सांगा यांना काही. सकाळपासून चहाची चौकशीसुद्धा केली नाही."

"फोन करा त्यांना," मी म्हटलं.

"उचलाव नही तो."

"यादीत होते तेव्हाही उचलणार नव्हतेच. करा."

नानांनी नंबर काढला. मग एकदम बटण दाबलं आणि मोबाइल तळहातावर धरला, मला ऐकू येईल असा. रिंग वाजली, थांबली. पलीकडून नुसता श्वास.

"आत्माराम," नाना म्हणाले. माइकवरचा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "कार्यक्रम बंद करू नको."

"कोनकरता करू?" आबा म्हणाले. "यादीमा नाव नही. आते समजनं, कोनी ऐकत नही व्हतं."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. टोपली, पारसशेठ, मुके मोबाइल, सगळं सांगून टाकतील असं वाटलं मला. त्यांनी सांगितलं नाही.

"मी ऐकस," ते म्हणाले. "पहिलापाइन. बठ्ठा."

पलीकडून मग खाट करकरल्याचा आवाज आला, माणूस सरसावून बसतो तसा.

"मंग ऐक," आबा म्हणाले. "परवा काय व्हयनं..."

नानांनी मोबाइल तळहातावरून उचलून कानाशी घट्ट धरला, माझ्याकडे पाठ केली आणि दुसऱ्या हातानं मला खूण केली: जा आता.