सर्व्हरवरचा पहारा

"या कंपनीत यापुढे एक मेल जरी अडकला, तर मिशा काढून देईन!" असं रडारने भर मीटिंगमध्ये सांगितलं, तेव्हा सगळे त्याच्या ओठांवर बघायला लागले. त्याला मिशा नव्हत्या. पण आवेश असा होता, की कोणी शंका काढली नाही.

गाद्या बनवणाऱ्या त्या कंपनीत ईमेलचा सर्व्हर सांभाळणं हे रडारचं काम. आठ वर्षं तो स्क्रीनकडे असा टक लावून बसायचा, जसं काही दूध उतू जाणार आहे. म्हणून त्याचं नाव पडलं रडार. गेल्या महिन्यात तो जेवायला गेला आणि तेवढ्यात नेमके दोनशे मेल तुंबले. मालकांनी त्याला असं काही फैलावर घेतलं, की त्याने स्वयंचलित पहारा बसवायचं ठरवलं.

पन्नासाच्या वर मेल अडकले, की कारखान्यातल्या भोंग्यावरून इशारा वाजणार! रांग मोकळी होईपर्यंत दर मिनिटाला पंधरा सेकंद! आता इशाऱ्याला आवाज कोणाचा? ऐकल्यावर माणसाने हातातलं काम टाकून उभंच राहायला हवं, असा आवाज रडारला एकच ठाऊक होता. बायकोचा. ती पोहायला शिकवायची. या काठावरून ओरडली, की त्या काठावरचा माणूस श्वास घ्यायला विसरायचा.

"मेल अडकलेत! हातातलं टाका आणि आधी इकडे बघा!" एवढंच वाक्य. पण तिला एकही रेकॉर्डिंग पसंत पडेना. रोज नवं पाठवायची. शेवटी कंटाळून रडारने एक खास पत्ता उघडला आणि अशी सोय केली, की त्या पत्त्यावर सगळ्यात शेवटी जे रेकॉर्डिंग येईल, तेच भोंग्यावर लागेल.

"तिथे पाठवलंस, की मला लगेच ऐकू येतं बरं का!" तो बायकोला म्हणाला. हे वाक्य त्याने बोलायला नको होतं.

बुधवारी एक हॉटेलवाल्या बाई कारखाना बघायला आल्या. त्यांच्या सहा हॉटेलांसाठी बाराशे गाद्या हव्या होत्या. ही ऑर्डर हातची गेली असती, तर एक विभाग बंद करावा लागला असता. मालकांनी सकाळीच सगळ्यांचे फोन ड्रॉवरमध्ये ठेवायला लावले. अकरा वाजता डिस्पॅचवाल्या ताईंनी गाद्यांच्या फोटोंचं जाडजूड कॅटलॉग एका झटक्यात तीनशे दुकानांना पाठवलं. सर्व्हरचा घसाच बसला!

रडारने स्क्रीनवर लाल आकडा पाहिला आणि छाती फुगवली. आता बघाच म्हणावं!

भोंगा खरखरला.

"अहो! आपल्या गादीत ढेकूण झालेत, ढेकूण! हे एवढाले! रात्रभर मी खाजवतेय आणि तुम्ही घोरताय! गाद्यांच्या कंपनीत नोकरी करता ना? मग लाज..."

खट्. पंधरा सेकंद संपले.

हॉटेलवाल्या बाई त्या वेळी नमुन्याच्या गादीवर बसून बघत होत्या. त्या अशा उठल्या, जणू खाली निखारा असावा!

"ढेकूण?" त्या म्हणाल्या.

"छे छे! ती... ती जाहिरात आहे!" मालक म्हणाले.

"ढेकणांची?"

एक मिनिट झालं. "अहो! आपल्या गादीत ढेकूण झालेत..."

रडारला उमगलं: फोन ड्रॉवरमध्ये, म्हणून बायकोने तक्रार त्या खास पत्त्यावर धाडली होती! त्याने पहारा बंद करायचं बटण दाबलं. स्क्रीनवर अक्षरं आली: 'बंद करण्याचा कोड तुम्हाला मेलने पाठवला आहे.' कोणी चावटपणा करून पहारा बंद करू नये, म्हणून ही खबरदारी त्यानेच घेतली होती! कोड आता तीनशे कॅटलॉगांच्या मागे रांगेत उभा होता.

त्याने वायर उपटली. भोंगा चालूच. वीज गेली तरी पहारा थांबू नये, म्हणून बॅटरीही त्यानेच जोडली होती!

"अहो! आपल्या गादीत ढेकूण..."

"रडार!" मालक ओरडले. "त्या भोंग्यातल्या बाईंचं तोंड बंद करा!"

"साहेब, आजवर कोणाला जमलेलं नाही!"

भोंगा छताजवळ होता. रडार धावत गेला आणि गाद्यांच्या थप्पीवर चढू लागला. चौदाव्या गादीवर पाय ठेवला आणि कमरेपर्यंत आत रुतला. एक हात वर, एक पाय बाहेर, आणि डोक्यावर बायको सांगतेय, की मी रात्रभर खाजवतेय!

हॉटेलवाल्या बाईंनी पर्स उचलली. मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. ते बघून रडारला राहवेना.

"बाई, थांबा!" तो थप्पीतून ओरडला. "ती गादी आमच्या कंपनीची नाहीच! दुसऱ्यांची आहे! बोलणारी माझी बायको आहे. तिचं पूर्ण ऐका, मग जा!"

"लावा पूर्ण," बाई म्हणाल्या.

डिस्पॅचवाल्या ताईंनी कॉम्प्युटरवर ते रेकॉर्डिंग शोधून लावलं. सगळा कारखाना कान देऊन उभा राहिला.

"...मग लाज नाही वाटली दुसऱ्या कंपनीची गादी घरात आणायला? माझ्या आईकडे तुमच्याच कंपनीची आहे. बारा वर्षं झाली! चार नातवंडं तिच्यावर उड्या मारतात, अजून एक टाका उसवला नाही!"

मालकांच्या चेहऱ्यावर रंग परतला. बाईंनी पर्स खाली ठेवली. रडारने थप्पीतूनच विजयी हात हलवला.

पण रेकॉर्डिंग संपलं नव्हतं.

"मी म्हणत होते, तसलीच घेऊ. तर तुम्हीच म्हणालात, 'नको गं, हल्ली आमचे मालक गादीत फोम कमी आणि भाषण जास्त भरतात!'"

रडारने स्वतःहून आणखी दोन गाद्या खाली रुतायचा प्रयत्न केला.

मग हॉटेलवाल्या बाई हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या! "बारा वर्षं आणि चार नातवंडं! अहो, असं खरं बोलणारं माणूस मला कुठल्याच कंपनीत भेटलं नाही. बाराशे गाद्या पाठवा. भाषण मात्र काढून पाठवा."

मालक कसनुसे हसले. एव्हाना रांग मोकळी होऊन भोंगाही गप्प झाला होता. रडारला दोघातिघांनी धरून बाहेर ओढलं. बाई त्याच्याजवळ आल्या.

"आमच्या हॉटेलांतही मेल फार अडकतात हो. असंच कोणीतरी लक्ष ठेवायला हवंय."

रडारने अंगावरचा फोम झटकला, केस सारखे केले आणि नम्रपणे म्हणाला, "इथली जबाबदारी आहे, पण विचार करता येईल."

"तुम्ही नाही हो," बाई म्हणाल्या. "तुमच्या मिसेसचा नंबर द्या."

रडारने एकेक आकडा सुटा करून नंबर सांगितला. मालकांनीही लिहून घेतला.