सुनेच्या राजीनाम्याची छाननी

एकाहत्तरच्या डिसेंबरात, देश लढाईत गुंतलेला असताना, दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या मराठी मंडळाने एक कौटुंबिक प्रहसन बसवायला घेतलं. लेखिका अलकनंदाबाई. शिक्षण तिसरी, आणि त्यातही मास्तरांनीच हात टेकलेले. नाटक त्यांनी तोंडी सांगितलं, सुनेने लिहून घेतलं, आणि लिहिताना ती जिथे हसली तिथे बाईंनी संवाद आणखी तिखट केला. नाव 'सुनेचा राजीनामा'. सासूच्या जाचाला कंटाळून सून स्वयंपाकघराचा राजीनामा देते, एवढीच गोष्ट. पण जन्मात पहिल्यांदा आपलं काहीतरी चारचौघांत होणार, म्हणून बाईंनी ठेवणीतलं लुगडं इस्त्रीला टाकलं होतं.

युद्धकाळात कलांची छाननी अनिवार्य होती. छाननी कक्षाचे खुरानासाहेब तालमीला आले, नाव वाचलं आणि गंभीर झाले. हिंदीत राजीनामा म्हणजे समझोता.

"जंग चल रही है और आपकी बहू राजीनामा कर रही है? किससे?"

"सास से."

"सास किस तरफ़ की है?"

"साताऱ्याची," बाई म्हणाल्या, आणि खास आपल्या हिंदीत खुलासा केला, "हमारे में राजीनामा मतलब नोकरी को लाथ."

साहेब आणखी गंभीर झाले. समझोता एक वेळ चुकून होतो. ऐन लढाईत काम सोडणं म्हणजे सरळ पलायन. मंडळाचे सचिव भालचंद्रराव घाईघाईने म्हणाले, मग 'रजा' करू. साहेबांनी सांगितलं, रज़ा म्हणजे संमती, आणि सध्याच्या परिस्थितीत कोणत्याही सुनेने कशालाही संमती देऊ नये. शेवटी त्यांनी 'राजीनामा' हा एक शब्द खोडला, चहा घेतला आणि गेले.

साहेब गेले आणि मंडळ कामाला लागलं. 'घटस्फोटा'त स्फोट आहे, काढा. फोडणीत फूट दिसते. चूल पेटते, ती विमानातून दिसेल. सासू सारखे हुकूम सोडते, उद्या कोणाला ती सरकार वाटेल. सासू गेल्यावर जाच कोणाचा, म्हणून जाचही गेला.

बाईंनी एकेकाची हजेरी घेतली. घरी शिंकण्याआधी कोणाची सही घेता, असं भालचंद्ररावांना विचारलं. मग मंत्रालयात नोकरीला असलेला बाईंचा मुलगा विश्वास त्यांना बाजूला घेऊन गेला. "आई, प्लीज. बढतीची फाईल वर गेलीये माझी." तेव्हा मात्र त्यांनी नाटकाची वही मंडळापुढे सरकवली.

ब्लॅकआउटमुळे प्रयोग दुपारी झाला. पडदा उघडला, सून आली, तिने नमस्कार केला, ती गेली, पडदा पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रयोग आटोपशीर झाला, असं सर्वांचं मत पडलं.

खुरानासाहेब धापा टाकत स्टेजमागे आले. "माताजी, मैंने तो एक लफ़्ज़ काटा था. बाकी नाटक कहाँ गया?"

सगळीच मंडळं अशी वागू लागली तर छाननी कक्ष बंद पडेल, ही त्यांची धास्ती. काहीतरी परत घाला, खोडायला पुरेल इतकं तरी, अशी त्यांनी हात जोडून विनंती केली.

अलकनंदाबाई पदर खोचून स्टेजवर गेल्या. "मंडळी, माझ्या नाटकात," एवढंच त्या बोलल्या. साहेबांनी आशेने पेन काढलं. त्याचं टोपण निघायच्या आत अख्ख्या हॉलमधून "श्श" असा आवाज आला. त्यातला पहिला विश्वासचा होता. पोटचा आवाज आईला गर्दीतही ओळखू येतो.

लढाई संपली. त्या दुपारी आपण हॉलमध्ये होतो असं म्हणणारा माणूस मात्र आजवर सापडलेला नाही. सगळे घरीच होते म्हणे. तुम्हीही घरीच असाल.